नागपुरात जुनी मॅन्युअल ३७०झेड घ्यायची असेल तर आधी डावा पाय टाका, मग रंग पाहा

दर दोन-तीन महिन्यांनी कोणाचा तरी फोन येतो, भाऊ, एक ३७०झेड, म्हणजे निसानची दोन सीटची स्पोर्ट्स कार, विकायला निघाली आहे, मॅन्युअल आहे, घेऊ का. मग मी अर्धा-पाऊण तास तेच ते सांगत बसतो, म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवतो. माझ्याकडे ही गाडी पाच वर्षांपासून आहे, त्याआधी मी आणि माझा मावसभाऊ पुणे, मुंबई, हैदराबाद करत सहा गाड्या पाहून आलो आणि त्यातल्या पाच सोडल्या. सोडलेल्या पाचांनी जे शिकवलं ते घेतलेल्या एकीनं नाही शिकवलं.

आधी ही गाडी दिसत का नाही ते समजून घ्या. निसाननं ३७०झेड भारतात २०१० साली आणली, पूर्ण तयार गाडी जपानहून यायची त्यामुळे ड्युटी लागून किंमत पन्नास लाखांच्या वर. दोन प्रकार होते, सहा गिअरची मॅन्युअल आणि सात गिअरची ऑटोमॅटिक. आता त्या काळात पन्नास लाख घेऊन निघालेला माणूस बायको-पोरं, आई-बाबा सगळे बसतील अशी मोठी जर्मन सेडान घ्यायचा, मागची सीटच नसलेली दोन दाराची गाडी कोण घेणार, आणि त्यातही ट्रॅफिकमध्ये डावा पाय दुखवणारी मॅन्युअल कोण घेणार. म्हणून विकल्याच कमी गेल्या. २०२० ला कंपनीनं हे मॉडेल बनवणंच थांबवलं आणि त्यानंतरची नवी झेड आपल्याकडे अधिकृत आलीच नाही. म्हणजे आहेत तेवढ्याच आहेत, दरवर्षी एखादी कुठे ठोकली जाते, एखादी कागदात अडकून सडते.

पण दुर्मिळ आहे म्हणून चांगली आहे असं डोक्यात धरू नका. विकणारा हाच शब्द शंभरदा म्हणेल आणि तुमचं डोकं तिथेच अडकवेल. घेणाऱ्यासाठी दुर्मिळ म्हणजे एवढंच, की काही मोडलं तर तो पार्ट सेंट्रल एव्हेन्यूवर मिळणार नाही, बाहेरून मागवावा लागेल आणि तोवर गाडी उभी राहील. त्यामुळे गाडी पाहताना प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा, हे गेलं तर माझी गाडी किती दिवस उभी राहील. खाली जे सांगतोय ते सगळं याच प्रश्नाच्या क्रमानं आहे.

गाडी चालते कशी ते थोडक्यात सांगतो, कारण चांगली कशी लागते हे माहीत नसेल तर बिघडलेली ओळखू येत नाही. ३६९६ सीसीचं व्ही६ इंजिन, टर्बो नाही, ताकद ३३० हॉर्सपॉवरच्या आसपास, आणि इंजिन ७५०० आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांपर्यंत, ओढतं. मागची चाकं ओढतात. वजन दीड टनाच्या आसपास, शून्य ते शंभर सव्वापाच-साडेपाच सेकंदांत. आताच्या इलेक्ट्रिक गाड्या सिग्नलवर हिला सहज मागे टाकतील, मला त्याचं काही वाटत नाही. हिची मजा अशी की पहिला गिअर ताशी ६८ किलोमीटरच्या आसपास संपतो, दुसरा ताणला तर ११० पर्यंत जातो, आणि सहाव्यात १२० ला आरपीएम साधारण २७५० वर शांत बसतं. समृद्धीवर वेगाची मर्यादा १२० आहे, म्हणजे शिवमडक्याहून चढलात की ही गाडी अर्ध्या झोपेत त्या मर्यादेवर चालते, जोर करायची गरजच नाही. खरी मजा गिअर खाली आणताना आहे. गिअरच्या दांड्याजवळ एस लिहिलेलं बटण असतं, ते दाबलं की तुम्ही चौथ्यातून तिसऱ्यात येताना गाडी स्वतःच इंजिनचे आरपीएम वाढवून जुळवून घेते आणि झटका लागत नाही. मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी अशी व्यवस्था बाजारात आणणारी ही पहिली गाडी म्हणून निसाननं तेव्हा सांगितलं होतं. बटण बंद करून स्वतःच्या पायानं तेच जुळवता येतं. मी बहुतेक वेळा बंदच ठेवतो, पण गाडी पाहायला जाल तेव्हा चालू करून पाहा, चालत नसेल तर क्लचच्या किंवा गिअरच्या सेन्सरमध्ये काहीतरी आहे.

आता गाडी पाहणं. विकणाऱ्याला आदल्या दिवशी स्पष्ट सांगा की इंजिन थंड पाहिजे, मी येण्याआधी चालू करायची नाही. आम्ही एका शहरात सकाळी आठला पोचलो तर तो माणूस म्हणाला, आत्ताच पेट्रोल भरून आणलं हो. मावसभावानं बोनेटवर हात ठेवला आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिलं. आम्ही म्हटलं ठीक आहे, संध्याकाळी येतो, तोवर हात लावू नका. संध्याकाळी तीच गाडी थंड चालू केली तर पुढून साखळीचा खडखड आवाज आला आणि चार-पाच सेकंद राहिला. सकाळी तो आवाज लपवायलाच गाडी फिरवून आणली होती, असं मी तोंडावर म्हणणार नाही, पण आम्ही ती गाडी सोडली.

त्या खडखडीचं कारण समजून घ्या, कारण या इंजिनचं सगळ्यात महाग दुखणं तिथेच आहे. पुढच्या टायमिंग कव्हरच्या मागे तेलाच्या वाटेवर एक गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारी पातळ पट्टी, असतं, सुरुवातीच्या वर्षांत ते कागदी होतं, नंतर कंपनीनं धातूचं केलं. कागदी गॅस्केट काही वर्षांनी फाटतं, तेल भलत्याच वाटेनं जातं आणि इंजिनमध्ये तेलाचं प्रेशर पडतं, विशेषतः इंजिन गरम असताना आणि आरपीएम कमी असताना. आपल्याकडे आलेल्या पहिल्या गाड्या नेमक्या त्याच काळातल्या आहेत. डॅशबोर्डवर तेलाच्या प्रेशरचा काटा नाही, तेलाच्या तापमानाचा आहे, त्यामुळे नुसतं पाहून कळत नाही. मेकॅनिकला साधं मेकॅनिकल गेज लावून गरम इंजिनवर प्रेशर मोजायला लावा, अर्ध्या तासाचं काम आहे. जुन्या मालकानं हे गॅस्केट बदललं असेल आणि बिल असेल तर त्या बिलासाठी मी जास्त पैसे द्यायला तयार असतो. बदललं नसेल तर तेवढी रक्कम किमतीतून कमी करून घ्या आणि कव्हर उघडाल तेव्हाच वॉटर पंपही बदलून टाका, तो त्याच साखळीवर चालतो, दोनदा उघडण्यात काही अर्थ नाही.

यानंतर क्लच. मी ज्या उस्तादांकडे गाडी नेतो त्यांचं गॅरेज वाडीकडे आहे, साठी उलटलेले काका, हातात कायम जुनी बनियन. पहिल्यांदा त्यांना सोबत घेऊन गेलो तेव्हा मी गाडीभोवती फिरून रंगच पाहत होतो. ते म्हणाले, "भाऊ, रंग काय पाहून राहिले, आधी डावा पाय टाका न." आणि स्वतः बसून वीस-पंचवीस वेळा क्लच हळूहळू दाबला, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण दाबून एक मिनिट तसेच बसून राहिले. गाडी मुंगीच्या पावलानं पुढे सरकायला लागली. काकांनी फक्त बोट दाखवलं.

तर या गाडीत क्लच दाबला की आतली जी वस्तू दाब देते, तिला मेकॅनिक लोक स्लेव्ह सिलिंडर म्हणतात, ती बाहेर नसून गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेच्या आकाराच्या कव्हरच्या आत इनपुट शाफ्टभोवती बसवलेली आहे. तिथे उष्णता जबरदस्त असते, ती वस्तू हळूहळू गळायला लागते, मग पेडल मऊ होतं आणि एक दिवस पेडल खाली जातं ते वरच येत नाही. जगभरचे झेडवाले यावर बोलत असतात, लपलेली गोष्ट नाही. बदलायचं तर अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून तपासताना पेडल थंड आणि गरम दोन्ही वेळा दाबून पाहा, वर-खाली करताना मध्ये कुठे रिकामं लागतं का पाहा, बोनेट उघडून क्लच फ्लुइडची डबी पाहा. फ्लुइड काळं-गढूळ असेल तर रबर झिजतंय. मग क्लच दाबून धरूनच रिव्हर्स टाका, खर्रर्र झालं म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाहीये. शेवटी मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ५० ला पूर्ण ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएम एकदम चढलं आणि स्पीड मागे राहिला तर क्लच प्लेट संपली आहे. हे सगळं गावात जमत नाही, जामठ्याच्या पुढे बुटीबोरीच्या दिशेनं सकाळी लवकर जा, रस्ता मोकळा मिळतो.

माझी गाडी घेतली तेव्हा क्लच प्लेट निम्मी झिजलेली होती, ते माहीत असूनच घेतली. गिअरबॉक्स उतरवला तेव्हा प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि आतल्या स्लेव्ह सिलिंडरऐवजी बाहेर बसणारं किट असं सगळं एकदमच टाकलं. पार्ट यायला सव्वा महिना लागला पण पुन्हा उघडायची वेळ आली नाही. एक गोष्ट मात्र उतरवणाऱ्या पोराला आधीच सांगा. मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट लोखंडाचा नाही, कार्बन फायबरचा आहे. तो पकडीत आवळायचा नाही, हातोडीनं ठोकायचा नाही, जमिनीवर आपटायचा नाही. आपल्याकडे शाफ्ट अडकला की पहिला हात हातोडीकडेच जातो, म्हणून मी त्या दिवशी तिथेच खुर्ची टाकून बसलो होतो.

गिअरबॉक्समध्ये तेल जीएल-४ दर्जाचं ७५डब्ल्यू-८५ लागतं. दुकानदार हमखास जीएल-५ देईल, म्हणेल त्याहून भारी आहे. ते मागच्या डिफरन्शिअलला चालतं, गिअरबॉक्समध्ये नको, त्यातली काही रसायनं सिंक्रोच्या, म्हणजे गिअर जुळवणाऱ्या कड्यांच्या, पितळेला खातात. डब्यावर वाचूनच घ्या.

बॉडीचं पाहताना एक गंमत होते, इथले डेंटिंगवाले खिशातून चुंबक काढून दारावर लावतात, पुटी भरली आहे का ते पाहायला. या गाडीच्या दाराला, बोनेटला आणि मागच्या डिकीच्या झाकणाला चुंबक चिकटणारच नाही, कारण ते ॲल्युमिनियमचे आहेत. एका सौद्यात सोबत आलेल्या मित्रानं चुंबक लावला, पडला, आणि तो जवळजवळ भांडणावरच आला होता की अख्खी गाडी पुटीची आहे. ॲल्युमिनियमवर चालणारं रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळतं, ते भाड्यानं किंवा ओळखीतून आणा. पुढे कधी दाराला डेंट पडला तर गल्लीतल्या नेहमीच्या माणसाकडे देऊ नका, ॲल्युमिनियम लोखंडासारखं ठोकून परत येत नाही, तडकतं.

नागपुरातली गाडी असेल किंवा काही काळ नागपुरात असेल तर २२ आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या मधली रात्र विसरू नका. त्या रात्री अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत तळघरातल्या, पार्किंगमधल्या कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. ही गाडी आधीच जमिनीला टेकलेली, सीटखाली आणि मागे वायरिंगचे मॉड्यूल बसवलेले. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, टोकाजवळ मातीची रेघ दिसते. सीटच्या रुळाचे बोल्ट पाहा, गंजलेत का. कार्पेटचा कोपरा उचलून वास घ्या. हे दोन मिनिटांचं काम टाळून लोक लाखोंचा खड्डा करून घेतात आणि मग इलेक्ट्रिकलच्या मागे वर्षभर फिरतात.

कागदाचं मी सगळ्यात शेवटी सांगतोय पण तुम्ही सगळ्यात आधी मागा. अधिकृत विकलेल्या गाडीचं शोरूमचं मूळ बिल असतं. कोणी स्वतः बाहेरून आणलेली असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागद, हवी, मूळ किंवा कस्टममधून पडताळता येईल अशी प्रत. कागद नंतर देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये केरळात कस्टमनं भूतानमार्गे आलेल्या गाड्यांवर ऑपरेशन नुमखोर नावाची कारवाई केली तेव्हा गाड्या ताब्यात गेल्या त्या शेवटच्या मालकांकडून, ज्यांनी बिचाऱ्यांनी पूर्ण पैसे मोजले होते. चॅसिसवरचा नंबर, आरसीवरचा आणि बिलावरचा तिन्ही स्वतः वाचून जुळवा, जपानमधल्या निसानचा नंबर जेएन१ नं सुरू होतो. वाहन पोर्टलवर कर्ज, चलान, इन्शुरन्स दिसतं ते पाहून घ्या. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र आल्याशिवाय टोकन देऊ नका.

मग पंधरा वर्षांचा मुद्दा. २०१०-११ ला रजिस्टर झालेल्या गाड्यांच्या रजिस्ट्रेशनची पहिली मुदत आता संपली आहे किंवा संपत आली आहे. आरसीवरची तारीख पाहा, विकणारा ही गोष्ट स्वतःहून काढत नाही. मुदत वाढवायला फॉर्म २५ भरायचा, आरटीओत गाडी तपासायला न्यायची, पर्यावरण कर भरायचा, मग पाच वर्षं मिळतात. एप्रिल २०२२ पासून साध्या कारची मुदत वाढवायची फी ६०० वरून ५,००० झाली आणि आयात केलेल्या कारची १५,००० वरून ४०,०००, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी आणखी वाढवली. सौदा करण्याआधी गिरीपेठच्या आरटीओत जाऊन त्या दिवशीचा आकडा विचारून घ्या, आणि शक्यतो मुदत वाढवून देण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर ठेवा, लेखी. दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, इथला रोड टॅक्स, आणि आयात गाडीला तो दर जास्त, हे सगळं मिळून होणारी रक्कम बाकी महाराष्ट्रातल्या गाडीच्या तुलनेत इतकी येते की मी सरळ एमएच पासिंगचीच शोधली. मालक बदलायचे फॉर्म २९ आणि ३० तर नेहमीचेच.

आता घरी आली असं समजू. नागपूरचा उन्हाळा या इंजिनचा खरा शत्रू आहे. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते, आणि नवतपा लागला की ४५ हा रोजचाच आकडा. डॅशबोर्डवर मधोमध तीन छोटे डायल आहेत, त्यातला एक तेलाचं तापमान दाखवतो, त्याच्याकडे पाहायची सवय लावा. समृद्धीवर एकसारखं १०० ते १२० ला चाललो की माझा काटा शंभरच्या आसपास बसून राहतो, काही त्रास नाही. त्रास होतो जोरात चालवून मग उभं राहिलं की, हवा बंद आणि तापलेलं तेल तिथेच. सुरुवातीच्या गाड्यांना तेलासाठी वेगळा कूलर दिलेला नव्हता, तेल १४० अंशांच्या आसपास गेलं की गाडी स्वतःच आरपीएम वर जाऊ देत नाही, इंजिन वाचवायला. म्हणून ऑइल कूलर बसवा, पण थर्मोस्टॅटवाली प्लेट असलेलाच, नाहीतर डिसेंबरच्या सकाळी जेव्हा इथे आठ-दहा अंश असतात तेव्हा तेल गरमच होणार नाही आणि झीज वाढेल. तेल पूर्ण सिंथेटिक ५डब्ल्यू-३०, साधारण पाच लिटर जातं. मी पाच हजार किलोमीटर किंवा एक वर्ष यातलं जे आधी येईल तेव्हा बदलतो, तीही बदली एप्रिलच्या सुरुवातीला करतो म्हणजे उन्हाळ्यात ताजं तेल असतं. थंड इंजिनवर काटा ऐंशीला येईपर्यंत चार हजाराच्या वर आरपीएम नेत नाही, हे माझ्या घरच्यांनाही आता पाठ झालं आहे.

पेट्रोलचंही लक्षात ठेवा, आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं, आणि ही गाडी दहा टक्क्यांपर्यंतच्या हिशोबानं बनलेली. चालवत राहिलात तर फार काही होत नाही, पण टाकी भरून दोन महिने उभी ठेवली तर इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुने रबरी पाइप खराब व्हायला लागतात. म्हणून माझ्या गाडीला दर रविवारी पहाटे तास-दीड तास बाहेर काढायचंच, काटोल रोडनं जाऊन परत. अजून एक, टाकी पाव भागाच्या खाली असताना लांब उजव्या वळणावर जोरात नेलं तर पेट्रोल एका बाजूला जाऊन पंप क्षणभर कोरडा पडतो आणि गाडी खोकल्यासारखी अडखळते, फ्लायओव्हरच्या रॅम्पवर घाबरायला होतं. अर्धी टाकी कायम ठेवा.

टायर मागे २७५/३५ आणि पुढे २४५/४०, दोन्ही १९ इंची रिमवर. रबराची भिंत पातळ आहे, खड्डा सरळ रिमला लागतो. आपल्याकडचे सिमेंट रस्ते वरून गुळगुळीत असले तरी कडेला गल्लीत उतरताना वीतभर पायरी असते. दोन वर्षांपूर्वी काम चालू असलेल्या एका रस्त्यावर रात्री ती पायरी दिसली नाही आणि पुढचं डावं रिम वाकलं, जोड मिळेपर्यंत सात आठवडे गाडी शेडमध्ये होती. तेव्हापासून रात्री अनोळखी गल्लीत गाडी नेत नाही, आणि स्पीड ब्रेकर नेहमी तिरका घेतो, एक चाक आधी, एक नंतर. टायर घेताना बाजूला छापलेले शेवटचे चार आकडे वाचा, २३१६ असेल तर २०१६ सालचा तेविसावा आठवडा. जुन्या झेडवर खोल नक्षीचे पण दहा वर्षं जुने टायर नेहमी दिसतात, कारण गाडी कमी चालते. नक्षी पाहून फसू नका, असे टायर समृद्धीच्या तापलेल्या सिमेंटवर नेऊ नका.

इन्शुरन्स करताना आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, एजंट जो टाकेल तो मान्य करू नका, पंधरा वर्षांच्या गाडीला सॉफ्टवेअर काहीही आकडा दाखवतं, चर्चा करून लेखी ठरवून घ्या आणि बसवलेले कूलर, किट यांची बिलं पॉलिसीत नोंदवा.

शेवटचं काम म्हणजे घरात एक पेटी करा. माझ्या पेटीत दोन एअर फिल्टर आहेत कारण या इंजिनला दोन लागतात, सहा प्लग, ऑइल फिल्टर, तो निसानच्या बऱ्याच इंजिनांना जुळतो म्हणून सहज मिळतो, पुढच्या-मागच्या ब्रेकचे पॅड, बेल्ट, एक क्लच मास्टर सिलिंडर, थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचे पाइप. चटणी-मसाल्यासारखं आधीच भरून ठेवायचं. ही गाडी बटणानं चालू होते, आणि सुरुवातीच्या गाड्यांत स्टिअरिंगचं इलेक्ट्रॉनिक लॉक अडकून गाडी चालूच होत नाही असंही होतं, त्याच्या फ्यूजची जागा माहीत करून घ्या आणि मेकॅनिकच्या सल्ल्यानं ते लॉक उघडं असतानाच फ्यूज काढून ठेवायचा की नाही ते ठरवा. पावसाळ्याच्या तोंडावर बोनेटखाली उंदरांसाठी जाळी बसवा, आमच्या गल्लीत तीन गाड्यांची वायरिंग त्यांनी खाल्ली आहे. आणि पेटीतली एखादी वस्तू वापरली की त्याच आठवड्यात नवी मागवा, पुढच्या महिन्यावर ढकलू नका.